रोपे मोजणारे आणि रान राखणारे

मृगाचा पाऊस पडला की आपल्याकडे वृक्षारोपणाचा मोसम सुरू होतो. मंत्रिमहोदयांपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वजण एका हातात रोप व दुसऱ्या हातात झारी घेऊन छायाचित्रासाठी उभे राहतात. अलीकडे त्यात एका नव्या वर्गाची भर पडली आहे. सुटीच्या दिवशी स्वखर्चाने डोंगरावर जाणारे, खड्डे खणणारे, पाण्याचे कॅन खांद्यावरून चढवणारे स्वयंसेवक आज राज्यातील प्रत्येक मोठ्या शहरात आढळतात. त्यांत बँकेतील कर्मचारी आहेत, संगणक कंपन्यांतील तरुण आहेत, निवृत्त शिक्षक आहेत. ही मंडळी हौशी म्हणून त्यांची चेष्टा करण्याची एक सवय आपल्या वर्तुळात आहे. ती आम्हास मान्य नाही. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता सार्वजनिक कामासाठी अंग मोडणाऱ्या माणसाला, श्रमदानाच्या शिबिरांतून वाढलेल्या चळवळीने तरी परका मानू नये. त्याच्या भावनेविषयी आमची तक्रारच नाही. त्याचे श्रम कोठे खर्च होतात, कोणाच्या जमिनीवर खर्च होतात आणि तो घरी परतल्यावर उरलेले काम कोणाच्या गळ्यात पडते, याचा हिशेब मात्र मांडला गेला पाहिजे.

महाराष्ट्र शासनाने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प सोडला. पुढील वर्षी लक्ष्य चार कोटींवर गेले, २०१८ मध्ये तेरा कोटींवर आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींवर. हा शेवटचा आकडा वनशास्त्राने सुचवला की पुराणाने, हे सांगणे कठीण आहे. पुढे सरकार बदलल्यावर या साऱ्या मोहिमेची चौकशी करण्यासाठी विधिमंडळाची समिती नेमण्यात आली. त्या राजकारणात आम्ही शिरत नाही. आमचा आक्षेप मोजमापाच्या पद्धतीलाच आहे. रोप जमिनीत गेले त्या क्षणी मोजले जाते. ते तिसऱ्या उन्हाळ्यात जिवंत होते की नाही, हे मोजण्याची निकड कोणालाच नसते. कारखान्याच्या कोनशिला मोजून देशाचे औद्योगिक उत्पादन ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

वास्तविक लागवडीचा दिवस हा साऱ्या कामातील सर्वांत स्वस्त दिवस असतो. त्यानंतर तण काढणे, गुरे आवरणे, वणवा अडवणे, कुऱ्हाड रोखणे आणि मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावणे हे काम वर्षानुवर्षे चालते. त्याला समारंभ नसतो आणि उद्‌घाटक मिळत नाही. रोपवाटिकेच्या कंत्राटदाराचे बिल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते. रात्री रानात धूर दिसला म्हणून फांद्या घेऊन धावलेल्या गावकऱ्याचे श्रम कोणत्याही कोष्टकात येत नाहीत. प्रस्तुत लेखकाने तीस वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय उत्पन्नाचे हे गणित विद्यार्थ्यांना शिकवले आहे. त्यातील ही फट त्याला परिचित आहे.

दुसरा प्रश्न, काय लावायचे हा. जेथे मूळचे जंगल परत आणायचे असे आपण म्हणतो, तेथे मूळचे काय होते हे आधी ठाऊक असावे लागते. पुण्याच्या टेकड्या पाहाव्यात. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडून आलेले गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारी असेही म्हणतात, तेथे उदंड लावले गेले. ते झपाट्याने वाढते, छाटले तरी पुन्हा फुटते आणि दोन वर्षांत टेकडी हिरवी दिसू लागते. परंतु त्याच्या दाटीत मूळचे गवत, झुडपे आणि त्यांवर जगणारे किडे-पक्षी मागे हटतात. सुबाभूळ, निलगिरी, कोकणातील ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची कथा फारशी वेगळी नाही. वनखात्यानेही हेच दुसऱ्या रीतीने केले. १९७४ मध्ये वनविकास महामंडळ स्थापन झाले आणि विदर्भातील मिश्र जंगले तोडून त्या जागी सागाच्या रांगा उभ्या करण्याच्या कामास जोर आला. सागाला बाजारात भाव आहे. मोह, चार, येन, बेहडा, तेंदू ही झाडे ज्यांच्या चुलीला आणि बाजाराला आधार देतात, त्यांना बाजारात आवाज नाही. एकाच जातीच्या लागवडीला जंगल म्हणणे हा भाषेचा गैरवापर आहे, आणि तो सरकारी कागदांत सर्रास चालतो.

आणखी एक गोष्ट उत्साहाच्या भरात विसरली जाते. प्रत्येक मोकळी जागा उजाड नसते. सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले, ते माळरानाचे आहे. माळढोक, चिंकारा, लांडगा यांना झाडांची सावली नको, मोकळे गवत हवे. महसुली दप्तरात 'पडीक' लिहिलेल्या अशा माळावर पाच हजार रोपे लावून परतणारा स्वयंसेवक शुद्ध हेतूने कोणाचे तरी घर मोडून येतो.

खरे जंगल बहुतेक ठिकाणी लावून येत नाही, राखून येते. सह्याद्रीत किंवा विदर्भात जेथे जमिनीखाली जुनी मुळे व खुंट जिवंत आहेत, तेथे काही वर्षे चराई, तोड आणि वणवा थांबला की धुमारे आपोआप वर येतात; पक्षी आणि वारा बी आणून टाकतात. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी हे शब्द आपल्या ग्रामीण चळवळीला नवे नाहीत. जेथे माती पार धुपली आहे, तेथे लागवड लागतेच. पण त्या लागवडीचे बी कोठून आणायचे याचे उत्तरही जुन्या माणसांनी ठेवलेले आहे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा हे लक्षात आले की आसपासचा डोंगर बोडका झाल्यावरही देवराईत मूळच्या वृक्षवेलींचा साठा टिकून आहे. ज्यांचा देवावर विश्वास नाही अशा आमच्यासारख्यांनीही या बीजभांडाराचे मोल जाणले पाहिजे. श्रद्धेच्या नावाखाली का होईना, एका समाजाने स्वतःच्या उपभोगावर स्वतः मर्यादा घातली होती.

येथे मुख्य मुद्द्याशी येतो. राखायचे, पण राखील कोण? चराईबंदी ज्याच्यावर लादली जाते तो शेळी राखणारा भूमिहीन असतो, आणि लादणारा बहुधा गणवेशातील असतो. या भांडणाचा इतिहास जुना आहे. वनखात्याने गायराने व डोंगर ताब्यात घेऊन शेतकऱ्याची गुरे कशी उपाशी मारली, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले. १९३० मध्ये पुसदला, बिळाशीला, चिरनेरला जंगल सत्याग्रह झाले. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबारात माणसे पडली. ती माणसे जंगल नष्ट करण्यासाठी गेली नव्हती. आपल्या रानावर आपला हक्क आहे, एवढेच ती सांगत होती. स्वातंत्र्यानंतर सरकार आपले झाले, वनखाते मात्र जुनेच राहिले. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्थानिकांच्या गरजांना अग्रक्रम दिला, पण कागदावर. वनांवर अवलंबून असणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला हे संसदेने कायद्याच्या प्रस्तावनेत मान्य केले, ते २००६ मध्ये. त्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वन राखण्याचा, त्याचे संवर्धन व व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला. अधिकार या शब्दावर आमचा भर आहे. वनखात्याच्या समितीत सदस्य म्हणून बसण्याची ती सवलत नव्हे.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्यांची घोषणा आता सर्वपरिचित झाली आहे. परंतु घोषणेमागचे काम पाहिले पाहिजे. १९८० च्या दशकात मोठ्या धरणांविरुद्ध आदिवासींचे आंदोलन उभे राहिले, त्यात हे गाव होते. तेथून परतल्यावर देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी गप्प बसले नाहीत. मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते अभ्यासगटांत येऊन बसले. चर्चा झाल्या, निर्णय मात्र ग्रामसभेने सर्वसहमतीने घेतले. गावाने जंगलाची राखण स्वतःकडे घेतली, कागद कारखान्याच्या बांबूतोडीला हरकत घेतली, मधमाश्या न मारता मध काढण्याची रीत बसवली. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांना मिळाला. त्यानंतरही बांबू हे गवत की झाड असा वाद उकरून वाहतूक परवाना अडवण्यात आला, आणि तो २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी प्रत्यक्ष गावात येऊन ग्रामसभेच्या हाती दिला. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत. सर्वच गावे मेंढ्यासारखी चालतात असे नाही. काही ठिकाणी तेंदूपानांच्या ठेकेदाराने ग्रामसभेलाच खिशात घातल्याच्या तक्रारी आहेत. तथापि चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टर जंगल हाती आल्यावर उलट दिशेने निर्णय घेतला: तेंदूपाने तोडताना फांद्या छाटल्या जातात आणि वणवे लागतात म्हणून ते रोख उत्पन्नच सोडून दिले आणि बांबूवर गाव उभे केले. गरीब माणूस उद्याचा विचार करू शकत नाही, असे आमचे काही सहव्यवसायी अजून लिहितात. त्यांनी पाचगावचे ठराव वाचावेत.

सामाईक मालमत्ता म्हणजे तिची शोकांतिका ठरलेलीच, हा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला आणि आमच्या पिढीने तो वर्गात निमूटपणे शिकवला. लोकांनी स्वतः नियम केले, त्यावर देखरेख ठेवली आणि बाहेरच्या सत्तेने तो अधिकार मानला, तर सामाईक संपत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांवरून दाखवले. त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले तेही २००९ मध्येच, मेंढ्याला हक्कपत्र मिळाले त्या वर्षी.

स्वयंसेवेने रान परत आणण्याची परंपरा जेथे घट्ट रुजली आहे त्या स्कॉटलंडमध्येही प्रश्न अखेर मालकीपाशीच येतो. तेथे ग्रामीण खाजगी जमिनीपैकी निम्मी पाचशेपेक्षा कमी मालकांच्या हातात आहे. मेंढ्यांनी आणि हरणांनी शतकानुशतके खाऊन बोडक्या केलेल्या दक्षिणेतील कॅरिफ्रान खोऱ्यात मूळचे जंगल आणावे असे काही सामान्य नागरिकांना वाटले, तेव्हा त्यांनी जमीनदाराच्या परवानगीने झाडे लावली नाहीत. शेकडो देणगीदारांकडून वर्गणी जमवून सुमारे सोळाशे एकरांचे ते खोरेच एका न्यासाच्या नावे विकत घेतले. जवळच्या दलदलीच्या थरांत अडकलेल्या परागकणांवरून सहा हजार वर्षांपूर्वी तेथे कोणती झाडे होती हे ठरवले, आसपासच्या शिल्लक राईंतून बी आणले आणि १ जानेवारी २००० रोजी लागवड सुरू केली. पाच लाखांहून अधिक रोपे लागली. मेंढ्या काढाव्या लागल्या, हरणांची संख्या आवरावी लागली. आपल्याकडे जमीन विकत घेण्याचा मार्ग नको. कायद्याने ती ग्रामसभेची होऊ शकते. पण क्रम तोच आहे. आधी हक्क ठरला, मग हात लागले.

वन्यप्राण्यांच्या बाबतीत हा क्रम अधिक महत्त्वाचा ठरतो. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर समुद्रकासवांची अंडी पूर्वी राजरोस उकरून नेली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ च्या सुमारास तेथे काम सुरू केले. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. ती कुंपणात हलवून दीड-दोन महिने राखावी लागतात, आणि पहाटे वाळू तुडवत किनारा रोज पाहावा लागतो. हे काम गावातील माणसांनीच केले आणि त्याचा मोबदला त्यांना मिळाला. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी शहरातून माणसे येऊ लागली, तेव्हा हॉटेले उभी राहिली नाहीत. लोक गावातील घरांत उतरू लागले आणि जेवणाचे पैसे घरच्या बायकांच्या हाती आले. अंड्यांपेक्षा पिल्लांत गावाचे हित आहे, हे कोणी भाषण करून सांगण्याची गरज उरली नाही.

वाघ म्हणजे कासव नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. जंगल दाट झाले, हरणे वाढली, वाघ वाढले. शहरात त्याचा आनंद साजरा होतो, आणि त्याची किंमत चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या कडेला राहणारे मोजतात. २०२२ या एका वर्षात चंद्रपूर जिल्ह्यात वाघ व बिबट्यांच्या हल्ल्यांत पन्नासहून अधिक माणसे गेली. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्या रानात हौसेने गेल्या नव्हत्या. वर्षाच्या रोख मिळकतीतील मोठा वाटा त्या पंधरवड्यात हाती येतो. शासन भरपाई देते, आणि ती पूर्वीपेक्षा वाढलीही आहे. परंतु ज्या गावाला जंगलाच्या व्यवस्थापनात शब्द नाही, पर्यटनाच्या उत्पन्नात वाटा नाही, त्याने केवळ प्रेते मोजून भरपाईचे अर्ज भरावेत, हा कोणता न्याय? वाघ वाचवा म्हणणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवी संस्थेने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या पत्रकात छापले पाहिजे.

आणि आता या साऱ्यावर पैशाची सावली पडू लागली आहे. खाणी व धरणांखाली जाणाऱ्या जंगलाच्या बदल्यात गोळा झालेला निधी २०१६ च्या कायद्याने नियमित झाला आणि २०१९ मध्ये त्यापैकी सत्तेचाळीस हजार कोटींहून अधिक रुपये राज्यांना वाटले गेले. ही रक्कम खर्चायची तर लागवड दाखवावी लागते, आणि लागवडीसाठी जमीन लागते. ती अनेकदा ज्या जमिनीवर गावाचा हक्कदावा पडून आहे तीच निघते. २०२३ मध्ये 'हरित पत' देण्याचे नियम आले. अवनत वनजमिनीवर लागवडीचा खर्च करणाऱ्या कंपनीला पत मिळावी अशी ती योजना. २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी किमान अकराशे झाडांची अट होती. माळरान, काटेवन, खुरटे रान सारे 'अवनत' या एका शब्दात कोंबून त्यावर अकराशेचा पाढा म्हणण्यात आला. टीका झाल्यावर २०२५ मध्ये पाच वर्षांनंतरच्या वृक्षाच्छादनाचा निकष आणला गेला. पण जमीन कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. स्वयंसेवकाने येथे सावध राहावे. कंपनीने छापलेला सदरा अंगात घालून तो रविवारी जे खड्डे खणतो, ते एखाद्या ताळेबंदात जमा होतात आणि त्याच कंपनीची खाण अन्यत्र चालू राहते. हे श्रमदान की वेठ? फरक एवढाच की वेठबिगाराला आपण राबवले जात आहोत हे ठाऊक असते.

तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी काय करावे? स्वयंसेवकांपासून फटकून न राहता त्यांच्यात जावे. ज्या गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा उपविभागीय समितीच्या कपाटात पडून आहे, तेथे रोपे घेऊन जाण्यापूर्वी दाव्याची प्रत घेऊन जावे. शहरातील स्वयंसेवकाजवळ ज्या गोष्टी आहेत त्या गावाला खरोखर हव्या आहेत: नकाशा वाचणे, हिशेब लिहिणे, माहितीच्या अधिकारात अर्ज करणे, वनस्पतींची शास्त्रीय नोंद ठेवणे. ज्यांना हक्क मिळाला पण व्यवस्थापनाचा आराखडा झालेला नाही अशी गावे पुष्कळ आहेत. आराखड्यासाठी शिवारफेरी काढावी लागते, कोणते रान राखीव ठेवायचे आणि कोणते चराईला मोकळे, हे भूमिहीनांसह बसून ठरवावे लागते. या कामात वनस्पतिशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आठवडा शंभर रोपांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. घाणेरी आणि रानमोडी उपटणे हे कंटाळवाणे, अंगावर ओरखडे काढणारे काम आहे. तेथेही हात हवेत.

आणि शिबिरे जुलैतच का भरवावीत? वणवे लागतात फाल्गुन-चैत्रात. त्याआधी जाळरेषा काढायच्या असतात. पालापाचोळा दूर करून जमिनीची रुंद पट्टी मोकळी करायची असते, आणि नेमके तेव्हा गावात माणसांची ओढाताण असते. वैशाखात देवराईतील बिया गोळा कराव्यात, जेथे ग्रामसभेची संमती असेल तेथे. तीन वर्षांपूर्वी आपल्या तालुक्यात गाजावाजाने लावलेल्या रोपांपैकी किती उभी आहेत, याची मोजणी प्रत्येक शाखेने या वर्षी करावी आणि आकडे तहसीलदारांना व स्थानिक वृत्तपत्रांना द्यावेत. गावातील जो माणूस आपल्यासोबत दिवसभर राबेल त्याला त्या दिवसाची मजुरी शिबिराच्या खर्चातून मिळावी. श्रमदान हे मजुरी बुडवू शकणाऱ्यांसाठी असते, आणि भूमिहीन त्यांत बसत नाही. शिबिराची तारीख ग्रामसभेला विचारून ठरवावी, आणि ग्रामसभा नको म्हणाली तर त्या वर्षी जाऊ नये.